18.8 अब्ज डॉलरचा तोटा होऊनही इंटेलचे कर्ज–मालमत्ता गुणोत्तर सुधारले कसे?

रोजमेळ (प्रश्न)

मी पुण्यातील एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला वित्तीय विवरणांचे विश्लेषण शिकवतो. गुजरातेतील साणंद आणि धोलेरा येथील चिप प्रकल्पांमुळे विद्यार्थ्यांना चिप उद्योगाविषयी कुतूहल आहे, म्हणून या वर्षी गुणोत्तरांच्या प्रकरणासाठी नेहमीची सिमेंट कंपनी न घेता इंटेल घेतली. उदाहरण सोपे जाईल असे वाटले होते, परंतु आकडे मांडल्यावर मीच अडलो.

इंटेलच्या वार्षिक ताळेबंदानुसार 2023 च्या अखेरीस अल्पमुदतीचे व दीर्घमुदतीचे मिळून कर्ज सुमारे 49.3 अब्ज डॉलर होते आणि एकूण मालमत्ता 191.6 अब्ज डॉलर होती, म्हणजे गुणोत्तर 25.7 टक्के आले. 2024 च्या अखेरीस कर्ज 50.0 अब्ज आणि मालमत्ता 196.5 अब्ज झाली, म्हणजे गुणोत्तर 25.5 टक्के. याच वर्षी कंपनीने 18.8 अब्ज डॉलरचा निव्वळ तोटा नोंदवला, लाभांश थांबवला आणि मूडीज व एस अँड पी या दोन्ही पतमापन संस्थांनी तिची पत खाली आणली. पुस्तकातील नियमाप्रमाणे गुणोत्तर कमी झाले म्हणजे स्थिती किंचित सुधारली असे मला फळ्यावर लिहावे लागते, आणि ते लिहिताना हात थांबतो.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला, एवढा तोटा होऊनही हे गुणोत्तर जागचे हलले कसे नाही? दुसरा, अर्धवाहक (चिप) कंपनीचे कर्ज तिच्या मालमत्तेशी ताडून पाहायचे असेल, तर ते कोणत्या रीतीने पाहिल्यास काही अर्थ निघतो? मला शेअर घ्यायचा सल्ला नको आहे. वर्गात प्रामाणिकपणे शिकवता येईल असे उत्तर हवे आहे.

---

स्वच्छकक्ष

सर, मी वीस वर्षे फॅबमध्ये, म्हणजे चिप बनवण्याच्या कारखान्यात, काढली आहेत. मी हिशेबनीस नाही, त्यामुळे छेदात बसलेली मालमत्ता प्रत्यक्षात कशी दिसते तेवढेच सांगतो.

आपण जे 196.5 अब्ज लिहिले त्यातील जवळजवळ 108 अब्ज म्हणजे जमीन, इमारती आणि यंत्रे. त्यात बांधकाम सुरू असलेली मालमत्ता, म्हणजे अजून एकही विकाऊ वेफर (ज्यावर चिप घडवतात ती चकती) न देणारी, साधारण 50 अब्ज डॉलरची होती. योगायोगाने हा आकडा कंपनीच्या एकूण कर्जाएवढाच आहे. ॲरिझोना, ओहायो आणि इतर ठिकाणी उभे राहणारे सांगाडे, खोक्यांत असलेली किंवा जोडणी चालू असलेली यंत्रे, हे सर्व ताळेबंदात खर्चाच्या किमतीला बसते. बांधकामाच्या काळात कर्जावर द्यावे लागणारे व्याजसुद्धा लेखानियमांनुसार त्याच मालमत्तेच्या किमतीत मिळवले जाते. म्हणजे कर्जाचे व्याज भरावे आणि त्यानेच छेद थोडा वाढावा, असा हा प्रकार आहे. यात गैर काही नाही, घरबांधणीच्या हिशेबातही असेच करतात, परंतु गुणोत्तर वाचणाऱ्याला हे ठाऊक असले पाहिजे.

यंत्रांच्या आयुष्याचेही तसेच. जानेवारी 2023 पासून इंटेलने आपल्या काही उत्पादनयंत्रांचे अंदाजित आयुष्य 5 वर्षांवरून 8 वर्षांवर नेले. यंत्र तेच, त्यातून निघणारे वेफर तेच, फक्त दर वर्षी वजा होणारा घसारा कमी झाला आणि पुस्तकी मालमत्ता अधिक काळ टिकली. यंत्रे खरोखरच आठ-दहा वर्षे चालतात हे मी स्वतः पाहिले आहे, त्यामुळे हा बदल मला चुकीचा वाटत नाही. परंतु यंत्र चालणे आणि त्या यंत्रावर बनणाऱ्या चिपला गिऱ्हाईक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2024 च्या तिसऱ्या तिमाहीत कंपनीला सुमारे 3.1 अब्ज डॉलरची मूल्यघट आणि वेगवान घसारा एकदम दाखवावा लागला. त्यातील मोठा भाग ‘इंटेल 7’ या प्रक्रियेच्या यंत्रांचा होता. यंत्रे मोडली नव्हती. त्यांच्यावर पुढे किती काम येईल याचा अंदाज बदलला होता.

मोडीत काढायची वेळ आली तर काय मिळते याचेही एक उदाहरण देतो. जर्मनीची किमोंडा ही मेमरी कंपनी जानेवारी 2009 मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि तिच्या व्हर्जिनियातील कारखान्यातील 300 मिलिमीटर वेफरची यंत्रे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 17.25 कोटी डॉलरला उचलली. नवी घ्यायची झाली असती तर या रकमेच्या कितीतरी पट खर्च आला असता. ज्यांनी किमोंडाच्या मालमत्तेकडे पाहून कर्ज दिले होते त्यांच्या दृष्टीने छेद वितळला; टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सला मात्र पुढची कित्येक वर्षे स्वस्त ॲनालॉग चिप बनवण्याचा पाया मिळाला. चिप उद्योगात मंदी एकट्याला येत नाही, सगळ्यांना एकदम येते, त्यामुळे यंत्रे विकायला काढण्याची वेळ आणि बाजारात घेणारा नसण्याची वेळ बहुधा एकच असते.

---

जुना शाखाधिकारी

रोजमेळ सर, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण मांडलेल्या आकड्यांच्या शेजारच्याच ओळींत आहे. मी एका सरकारी बँकेत कर्जप्रस्ताव तपासण्यात हयात घालवली, साखर कारखाने आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीच अधिक, परंतु ताळेबंद वाचण्याची सवय सर्वत्र सारखीच उपयोगी पडते.

तोट्यातील मोठा भाग रोख पैशाचा नव्हता. 9.9 अब्ज डॉलर हे भविष्यात करसवलत मिळेल म्हणून मालमत्तेत दाखवलेल्या रकमेवर केलेली तरतूद होती, सुमारे 3 अब्ज गुडविलची (दुसरी कंपनी विकत घेताना तिच्या मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेल्या किमतीची) घट होती आणि वर स्वच्छकक्ष यांनी सांगितलेला घसारा होता. या नोंदींनी मालमत्ता कमी केली. परंतु त्याच वर्षी कंपनीने जवळपास 24 अब्ज डॉलर नव्या यंत्रांवर आणि इमारतींवर खर्च केले, आणि त्यासाठीचा पैसा मुख्यतः नव्या कर्जातून आलेला नाही. आयर्लंडमधील लेक्सलिप येथील फॅब 34 शी निगडित संयुक्त कंपनीतील 49 टक्के वाटा अपोलो या गुंतवणूकसंस्थेने 11 अब्ज डॉलरला घेतला, आणि ही रक्कम हिशेबात कर्ज म्हणून नव्हे तर भांडवल म्हणून आली. शिवाय पुरवठादारांची देणी आणि इतर देय रकमा वाढल्या.

आता एकूण देणी पाहा. 2023 च्या अखेरीस ती 81.6 अब्ज होती, 2024 मध्ये 91.5 अब्ज झाली. म्हणजे व्याजधारी कर्ज पाऊण अब्जाने वाढले आणि बाकीची देणी 9 अब्जाहून अधिक वाढली. एकूण देणी आणि मालमत्ता यांचे गुणोत्तर काढल्यास ते 42.6 टक्क्यांवरून 46.5 टक्क्यांवर जाते. आपले गुणोत्तर चुकलेले नाही. त्याने फक्त ज्या खिशात पाहिले तो खिसा या वर्षी शांत होता.

आमच्याकडे कर्ज भागिले एकूण मालमत्ता असे फारसे कोणी पाहत नसे. आम्ही बाहेरची सर्व देणी भागिले मूर्त निव्वळ मत्ता पाहत असू, आणि मूर्त निव्वळ मत्ता काढताना गुडविल व इतर अमूर्त गोष्टी निर्दयपणे वजा करत असू. इंटेलच्या मालमत्तेतून सर्व देणी वजा जाता उरणाऱ्या रकमेतून 24.7 अब्जांचे गुडविल आणि 3.7 अब्जांच्या इतर अमूर्त मालमत्ता वजा केल्यास 76.6 अब्ज उरतात, म्हणजे हे प्रमाण साधारण 1.2 येते. आम्ही तीनच्या वर गेल्यावर भुवया उंचावत असू, तेव्हा शाखेच्या मापाने हा अर्जदार सुस्थितीतच आहे. तरीही मी हा प्रस्ताव वरिष्ठांकडे पाठवण्यापूर्वी पुढचे पान उलटले असते, कारण हप्ता मालमत्तेतून येत नाही, गल्ल्यातून येतो.

---

रोजमेळ

दोघांचेही मनापासून आभार. एकूण देणी घ्यायला हवी होती हे मान्य.

यावरून मी असा निष्कर्ष काढतो की विद्यार्थ्यांना दोन पायऱ्या शिकवाव्यात: अंशात सर्व देणी घ्यावीत आणि छेदातून गुडविल व अमूर्त मालमत्ता काढून टाकावी. ज्या कंपनीची मूर्त मालमत्ता कर्जापेक्षा भरपूर अधिक ती सुरक्षित, ज्या कंपनीची कमी ती धोक्यात. हा नियम चिप कंपन्यांना सरसकट लावता येईल ना?

---

पाटीपेन्सिल

सर, क्षमा असावी, परंतु हा नियम फळ्यावर लिहिण्यापूर्वी थांबावे अशी विनंती करतो. चिप उद्योगात तो नेमका उलट उत्तर देतो, आणि त्यासाठी फार जुने दाखले शोधावे लागत नाहीत.

ब्रॉडकॉम घ्या. नोव्हेंबर 2023 मध्ये तिने व्हीएमवेअर ही सॉफ्टवेअर कंपनी विकत घेतली आणि त्यासाठी मोठे कर्ज उचलले. 2024 च्या वित्तीय वर्षाच्या अखेरीस कर्ज सुमारे 67.6 अब्ज डॉलर आणि एकूण मालमत्ता 165.6 अब्ज, म्हणजे 41 टक्के. परंतु या मालमत्तेत गुडविल 97.9 अब्ज आणि इतर अमूर्त मालमत्ता 40.6 अब्ज. त्या काढल्या तर उरतात 27 अब्ज, म्हणजे कर्ज मूर्त मालमत्तेच्या अडीच पट. जमीन, इमारती, यंत्रे मिळून अवघे अडीच अब्ज, कारण ही कंपनी आपल्या बहुतेक चिप दुसऱ्यांच्या फॅबमध्ये बनवून घेते. शाखाधिकारी साहेबांच्या सूत्राने मूर्त निव्वळ मत्ता शून्याखाली सत्तर अब्ज येते. असा अर्ज त्यांच्या शाखेत आला असता तर चहा न विचारताच परत गेला असता.

आता वुल्फस्पीड घ्या. सिलिकॉन कार्बाइड चिप बनवणारी ही अमेरिकी कंपनी. जून 2024 च्या अखेरीस तिची एकूण मालमत्ता सुमारे 8 अब्ज डॉलर, कर्ज 6 अब्जाहून अधिक, म्हणजे 77 टक्क्यांच्या आसपास. गुडविल अगदीच किरकोळ, पस्तीस-छत्तीस कोटी डॉलर. बाकी जवळजवळ सगळे ठोस होते: न्यूयॉर्क राज्यातील मोहॉक व्हॅलीचा नवा फॅब, नॉर्थ कॅरोलायनातील सायलर सिटीचा स्फटिक वाढवण्याचा कारखाना, आणि दोन अब्जांहून अधिक रोकड व अल्पमुदतीची गुंतवणूक. सरांच्या नियमाने मूर्त मालमत्ता कर्जापेक्षा अधिक आहे, म्हणजे ही सुरक्षित आणि ब्रॉडकॉम धोक्यात.

प्रत्यक्षात 30 जून 2025 रोजी वुल्फस्पीडने अमेरिकी दिवाळखोरी कायद्याच्या अकराव्या प्रकरणाखाली, म्हणजे कंपनी चालू ठेवून कर्जाची फेररचना करण्यासाठी, अर्ज केला. सप्टेंबरअखेर ती बाहेर आली तेव्हा कर्ज सुमारे 70 टक्क्यांनी कमी झाले होते आणि जुन्या भागधारकांच्या हाती नव्या कंपनीचा 3 ते 5 टक्के वाटा उरला होता. ब्रॉडकॉम मात्र दर वर्षी अब्जावधींचे कर्ज फेडत लाभांशही वाटते आहे.

कारण उघड आहे. 2024 च्या वित्तीय वर्षात ब्रॉडकॉमच्या व्यवसायातून जवळपास 20 अब्ज डॉलर रोख आली, म्हणजे सगळी रोख कर्जाकडे वळवली तर साडेतीन वर्षांच्या आत पाटी कोरी होईल. वुल्फस्पीडची वार्षिक विक्रीच 80 कोटी डॉलरच्या आसपास होती आणि व्यवसायातून रोख येण्याऐवजी 70 कोटींहून अधिक बाहेर गेली. मोहॉक व्हॅलीचा फॅब जून 2024 मध्ये क्षमतेच्या 20 टक्क्यांवर चालत होता. मालमत्ता खरी होती, चकचकीत होती आणि रिकामी होती.

तेव्हा छेद फुगलेला आहे का हे पाहणे आवश्यक आहे, परंतु तो स्वच्छ केल्याने उत्तर मिळत नाही. स्वच्छ केलेला छेदसुद्धा भूतकाळात किती पैसे ओतले एवढेच सांगतो.

---

रोजमेळ

हे वाचून मी माझी टिपणे बाजूला ठेवली आहेत. मग रोखप्रवाहाच्या बाजूने इंटेल कशी दिसते? आणि जर मालमत्ता इतकी फसवी असेल, तर हे गुणोत्तर शिकवायचेच कशाला?

---

पाटीपेन्सिल

इंटेलचे दोन क्षण शेजारी ठेवा. 2020 च्या अखेरीस कर्ज 36.4 अब्ज, मालमत्ता 153.1 अब्ज, गुणोत्तर 23.8 टक्के. 2024 च्या अखेरीस 25.5 टक्के. चार वर्षांत पावणेदोन टक्क्यांचा फरक. कोणीही परीक्षक म्हणेल की भांडवली रचना स्थिर आहे. परंतु 2020 मध्ये व्यवसायातून सुमारे 35 अब्ज डॉलर रोख आली होती, म्हणजे कर्ज एका वर्षाच्या रोखीएवढे होते. 2024 मध्ये ही रोख 8.3 अब्जांवर आली, म्हणजे कर्ज सहा वर्षांच्या रोखीएवढे झाले, आणि तीही भांडवली खर्च वजा करण्यापूर्वीची रोख. 2020 मध्ये भांडवली खर्च 14 अब्जांच्या आसपास होता, रोखीच्या निम्म्याहून कमी. 2024 मध्ये तो रोखीच्या जवळजवळ तिप्पट होता. पतमापन संस्थांनी हे पाहिले. गुणोत्तराने पाहिले नाही, कारण त्याला तसे डोळेच नाहीत.

एक सावधगिरी मात्र येथेही हवी. चिप उद्योगात एका वर्षाची रोख हीसुद्धा फसवी असते. मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉनला 2022 च्या वित्तीय वर्षात व्यवसायातून 15.2 अब्ज डॉलर मिळाले आणि लगेच पुढच्या वर्षी, मेमरीचे भाव कोसळल्यावर, जेमतेम 1.6 अब्ज. त्याच बारा महिन्यांत कर्ज 6.9 अब्जांवरून 13.3 अब्जांवर गेले आणि कर्ज–मालमत्ता गुणोत्तर 10 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर. केवळ 2023 च्या आकड्यांवर निकाल दिला असता तर मायक्रॉनला कोणी उभे केले नसते, आणि केवळ 2022 वर दिला असता तर इतक्या कमी कर्जाच्या कंपनीला एवढ्या लवकर उसने का लागले याचे नवल वाटले असते. मेमरी कंपनीसाठी तेजी आणि मंदी दोन्ही सामावतील अशी पाच-सहा वर्षांची सरासरी घ्यावी असे माझे मत आहे. ॲनालॉग चिप बनवणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या कंपनीला, जिचे गुणोत्तर 2024 च्या अखेरीस 38 टक्के होते आणि तरीही जिची पत उत्तम मानली जाते, इतकी लांब खिडकी लागत नाही, कारण तिची उत्पादने दहा-पंधरा वर्षे विकली जातात आणि भाव इतके उसळत नाहीत.

गुणोत्तर शिकवायचे कशाला या प्रश्नावर माझे उत्तर असे की ते शिकवावे, परंतु निकाल म्हणून नव्हे. ते किती मोठे संकट झेलता येईल याची खोली सांगते. नवे कर्ज मागायला गेल्यावर सावकार तारणासाठी प्रथम हेच पाहणार. मायक्रॉन 10 टक्क्यांवर होती म्हणूनच मंदीत तिला दुप्पट कर्ज सहज मिळाले.

---

जुना शाखाधिकारी

माझ्या शाखेत चहा विचारला जात असे, कर्ज नाकारले तरी. बाकी मुद्दा शिरोधार्य.

यात मी मुदतीची भर घालतो, कारण बुडण्याची तारीख बहुधा रोख्यांच्या मुदतीतच लिहिलेली असते. इंटेलने फेब्रुवारी 2023 मध्ये 11 अब्ज डॉलरचे रोखे विकले, त्यांतील सर्वांत लांब मुदतीचे 2063 मध्ये फेडायचे आहेत. 2024 च्या अखेरीस असलेल्या 50 अब्जांपैकी एका वर्षात देय रक्कम 3.7 अब्ज होती आणि हाताशी रोकड व अल्पमुदतीची गुंतवणूक मिळून 22 अब्ज होती. तोट्यातील कंपनीला यापेक्षा अधिक श्वास घेण्याची जागा क्वचितच मिळते. वुल्फस्पीडचे 57.5 कोटींचे परिवर्तनीय रोखे मे 2026 मध्ये, आणखी 75 कोटींचे 2028 मध्ये आणि 1.75 अब्जांचे 2029 मध्ये देय होते. परिवर्तनीय रोखे काढणारा गृहीत धरतो की शेअरचा भाव चढेल, रोखेधारक शेअर घेतील आणि पैसे परत द्यावेच लागणार नाहीत. भाव पडला की तेच रोखे साधे कर्ज होऊन दारात उभे राहतात.

उलट बाजूचे उदाहरण एएमडी या इंटेलच्या प्रतिस्पर्धी कंपनीचे. 2015 च्या अखेरीस तिची एकूण मालमत्ता सुमारे 3.1 अब्ज डॉलर आणि कर्ज 2.2 अब्ज, म्हणजे 72 टक्के. भागधारकांचा निधी तर शून्याच्या खाली गेला होता. कागदावर ती वुल्फस्पीडची सख्खी बहीण दिसते. परंतु तिने आपले फॅब 2009 मध्येच ग्लोबलफाउंड्रीज या स्वतंत्र कंपनीच्या रूपाने वेगळे केले होते, त्यामुळे नव्या कारखान्यात ओतायला अब्जावधी लागत नव्हते, आणि तिच्या रोख्यांपैकी पहिले मार्च 2019 मध्ये देय होते. 2016 मध्ये तिने पेनांग आणि सुझौ येथील चिप-बांधणीच्या कारखान्यांतील 85 टक्के वाटा एका चिनी कंपनीला विकून सुमारे 37 कोटी डॉलर उभे केले, त्याच वर्षी नवे शेअर आणि परिवर्तनीय रोखे काढून महाग कर्ज फेडले, आणि 2017 मध्ये झेन रचनेचे प्रोसेसर बाजारात आले. ते प्रोसेसर 2020 मध्ये आले असते तर आज आपण वेगळी गोष्ट सांगत असतो. कर्जदाराला वेळ मिळाला आणि त्या वेळेत सांगण्यासारखे उत्पादन तयार झाले. साखर कारखान्याच्या प्रस्तावात आम्ही हंगाम आणि हप्त्याची तारीख जुळते का हे पाहत असू, त्यातलाच हा प्रकार आहे, फक्त येथे हंगाम चार-चार वर्षांचा असतो.

---

स्वच्छकक्ष

एएमडीचा विषय निघालाच आहे तर, जी देणी ताळेबंदात कर्ज म्हणून दिसतच नाहीत त्यांचाही उल्लेख व्हावा. फॅब वेगळा केल्यावरही एएमडीने ठरलेल्या संख्येने वेफर घेण्याचा करार ग्लोबलफाउंड्रीजशी केला होता. मागणी घसरल्यावर 2012 च्या अखेरीस, न घेतलेल्या वेफरांपायी, तिला 32 कोटी डॉलर देण्याचे मान्य करावे लागले. त्या करारापूर्वी कोणत्याही गुणोत्तरात ही रक्कम दिसली नसती.

इंटेलच्या भागीदारीच्या व्यवहारांकडेही याच नजरेने पाहावे. ॲरिझोनातील दोन फॅबसाठी 2022 मध्ये ब्रुकफील्ड या गुंतवणूकसंस्थेबरोबर 51 व 49 टक्क्यांचा 30 अब्ज डॉलरपर्यंतचा करार झाला, आणि आयर्लंडचा वर आलाच आहे. हिशेबात भागीदाराचा पैसा भांडवल म्हणून येतो, त्याने छेद वाढतो आणि अंशाला धक्काही लागत नाही. परंतु त्या बदल्यात तेथे बनणारे उत्पादन इंटेलने उचलायचे, कारखाना ठरावीक पातळीवर चालवायचा आणि भागीदाराला त्याचा वाटा द्यायचा, अशी बांधिलकी असते. मी याला थेट कर्ज म्हणणार नाही, कारण परतफेडीची तारीख आणि मुद्दल ठरलेले नसते. परंतु भागधारकाने जोखीम घेऊन दिलेले निखळ भांडवलही ते नव्हे. मी स्वतः हिशेब करताना ही रक्कम निम्मी कर्जात धरतो. याला शास्त्राधार नाही, मनाची समजूत आहे.

सरकारी अनुदानाचे तर आणखी विचित्र आहे. अमेरिकेत कारखाना उभारणीसाठी मिळालेले अनुदान किंवा करसवलत बहुतेक चिप कंपन्या त्या यंत्रांच्या व इमारतींच्या किमतीतून वजा करतात. म्हणजे सरकारने फुकट पैसे दिले की पुस्तकी मालमत्ता तेवढी लहान दिसते. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकी सरकारने हेच अनुदान आणि आणखी एका कार्यक्रमाची रक्कम मिळून 8.9 अब्ज डॉलरच्या बदल्यात इंटेलचे सुमारे 10 टक्के शेअर घेतले, म्हणजे जे अनुदान छेद लहान करणार होते ते आता भांडवल झाले. कारखाना तोच, पैसा त्याच खजिन्यातला.

---

रोजमेळ

सर्वांच्या उत्तरांवरून मी प्रश्नपत्रिकेतील प्रश्न बदलला आहे. आता विद्यार्थ्यांना वुल्फस्पीडचा जून 2024 चा आणि एएमडीचा डिसेंबर 2015 चा ताळेबंद, कंपन्यांची नावे झाकून, शेजारी शेजारी देणार आहे. दोन्हींचे कर्ज–मालमत्ता गुणोत्तर सत्तरीच्या पुढे. प्रश्न एवढाच: तुम्ही कोणाला आणखी एक वर्ष थांबायची सवलत द्याल, आणि ते ठरवण्यासाठी ताळेबंदाबाहेरची कोणती तीन पाने मागाल? गुण उत्तराला नाहीत, मागितलेल्या पानांना आहेत. यात काही राहून गेले असल्यास कळवावे.

---

जुना शाखाधिकारी

रोखप्रवाहाचे विवरण, कर्जाच्या मुदतींची टीप आणि खरेदीच्या बांधिलकींची टीप, ही तीन पाने मागणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत. परंतु एखाद्या विद्यार्थ्याने चौथे म्हणून फॅब किती टक्के क्षमतेवर चालतो हे विचारले, तर सर, त्याचे नाव मला जरूर कळवा. तो आकडा बहुतेक कंपन्या ताळेबंदाच्या टिपांत देत नाहीत, तिमाही निकालानंतरच्या संभाषणात कधीतरी बोलून जातात, आणि तो मागावा हे आम्हाला नोकरीच्या पंधराव्या वर्षी सुचले होते.

---

पाटीपेन्सिल

एक तांत्रिक सूचना. एएमडीच्या ताळेबंदात कर्ज जवळजवळ दर्शनी रकमेलाच दिसते. वुल्फस्पीडच्या कर्जात मात्र जपानच्या रेनेसास कंपनीने सिलिकॉन कार्बाइड वेफरच्या दीर्घकालीन पुरवठ्यासाठी दिलेल्या 2 अब्ज डॉलरच्या अनामतीतून आलेली रक्कमही आहे. गिऱ्हाइकानेच सावकार व्हावे ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात येते का, हे पाहण्यासाठी ती टीप प्रश्नपत्रिकेत न झाकता ठेवावी.